सुवर्णमहोत्सवाला भरभरून देणारे आता फोन का उचलत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली अनुदानित, मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा. तीन वर्षांपूर्वी सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा 240 जणांनी मिळून 18 लाख रुपये दिले. आता प्रयोगशाळा आणि मुलींचे स्वच्छतागृह यांसाठी 12 लाख हवेत. संस्थेच्या सचिवांनी त्याच 240 जणांना आवाहनपत्र पाठवले, उत्तर आले फक्त 9 जणांचे. काहींनी फोनही उचलला नाही. चुकले कुठे, आणि आता काय करायचे?

चूक आवाहनपत्रात शोधू नका. ती मधल्या तीन वर्षांत झाली आहे. त्या काळात देणगीदाराच्या हाती शाळेकडून काय पडले, ते आठवून पाहा: एक पावती, एक स्मरणिका, फार तर शाल-श्रीफळाचा फोटो. त्यानंतर एकदम 12 लाखांचे पत्र. पुन्हा मागितले म्हणून माणूस दुरावत नाही. मागच्या पैशांचे काय झाले हे कोणी सांगितले नाही, म्हणून दुरावतो. आणि तो तोंडाने विचारतही नाही, कारण आपल्याकडे दिलेल्या दानाचा हिशेब मागणे बरे दिसत नाही. संस्थेला वाटते, कोणाची तक्रार नाही म्हणजे सगळे खूश आहेत.

तेव्हा 12 लाखांचे आवाहन सहा महिने बाजूला ठेवा आणि आधी 18 लाखांचा हिशेब द्या. धर्मादाय आयुक्तांकडे भरलेला ताळेबंद पाठवू नका, तो कोणी वाचत नाही. एका पानावर मावेल असा साधा हिशेब करा. नमुन्यादाखल: जमा 18,00,000. दोन वर्गखोल्यांचे बांधकाम 14,20,000. बाके आणि फळे 2,10,000. वीजजोडणी, पंखे, दिवे 65,000. शिल्लक 1,05,000, अमुक बँकेच्या बचत खात्यात. खाली दोन ओळी: समारंभाचा मांडव, जेवण आणि स्मरणिकेचा खर्च जाहिरातींच्या उत्पन्नातून केला, देणगीतून केलेला नाही. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची आहे. महोत्सवाला देणगी देणाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच असते, की आपले पैसे खोलीत गेले की मांडवात. आणि काही रक्कम खरोखरच समारंभावर खर्च झाली असेल, तर तसे आकड्यासह लिहा. लपवलेला आकडा गावात आधीच माहीत असतो. काम अर्धवट राहिले असेल तर ते का राहिले (परवानगी अडकली, स्टील महागले, ठेकेदाराने काम सोडले), कधी पूर्ण होईल आणि किती कमी पडते आहे, हेही लिहा. अडचण मोकळेपणाने सांगितलेली देणगीदाराला चालते. तीच त्याला दुसऱ्याकडून कळली की विश्वास जातो.

पान तयार झाले की फोन. 240 म्हणजे फार नाहीत. सहा माणसे बसवा, प्रत्येकाकडे 40 नावे, रोज चार फोन, दहा दिवसांत काम उरकते. मात्र कोणी कोणाला फोन करायचा ते ठरवून वाटा. 1988 च्या दहावीच्या तुकडीला त्यांच्या वर्गशिक्षकांनी केलेला फोन आणि कार्यालयातल्या लिपिकाने केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निवृत्त शिक्षक ही या कामातली सर्वांत मोठी ताकद आहे, आणि बहुतेक शाळा त्यांना फक्त शिक्षकदिनाला बोलावतात. फोनवर पहिले वाक्य असे: ‘नमस्कार, मी शाळेतून बोलतोय. आज काही मागायला फोन केलेला नाही. तुम्ही तीन वर्षांपूर्वी जे दिले होते त्याचे काय झाले ते सांगायचे राहून गेले, त्याबद्दल आधी माफी मागतो.’ एवढे बोलून थांबा. पुढे समोरचा बोलेल. नाराजी असेल तर ती ऐकून घ्या, खुलासे करत बसू नका. त्याच संध्याकाळी लिहून ठेवा.

कुठे लिहायचे? इथे देणगीदार नोंदवहीची गोष्ट येते. शाळेकडे पावतीपुस्तकांचे गठ्ठे असतात, नोंदवही नसते. पावतीपुस्तकावरून कळते की पैसे आले. कोणी दिले आणि का दिले, ते कळत नाही. नोंदवहीत प्रत्येकाला एक पूर्ण पान द्या आणि तीच माहिती संगणकावर एक्सेलमध्येही ठेवा. पूर्ण नाव, त्यांना आवडते तसे (कोणाला माहेरचे नाव लागते, कोणाला ‘डॉ.’ लावलेले आवडत नाही). पत्ता, फोन, पॅन. शाळेशी नाते: माजी विद्यार्थी असेल तर दहावीचे वर्ष आणि तुकडी, पालक, माजी शिक्षकांचे कुटुंब, गावातले व्यापारी, जे असेल ते. किती दिले, कशासाठी दिले, पावती क्रमांक. शाळेने त्यांना शेवटचे काय आणि कधी कळवले. आणि एक रकाना बहुतेक जण विसरतात: ‘त्यांनी काय सांगितले’. ‘आई याच शाळेत शिपाई होत्या.’ ‘गणिताच्या सरांमुळे इंजिनिअर झालो म्हणाले.’ ‘मागच्या वेळी फलकावर नाव चुकले, अजून राग आहे.’ पुढच्या दहा वर्षांचा व्यवहार या रकान्यावर चालतो. वही कपाटात कुलपात राहू द्या. पॅन आणि फोन क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू देऊ नका. आणि धनादेशाचा फोटो रकमेसह माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाकणे आजच बंद करा. एक लाख देणाऱ्याचा फोटो झळकला की ज्याला दोन हजारच जमणार होते, तो गप्प बसतो.

आता आभारपत्र. बहुतेक शाळांचे पत्र असे असते: ‘आपण दिलेल्या बहुमोल देणगीबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे. आपले सहकार्य असेच लाभावे ही विनंती.’ यात देणगीदाराचे नाव बदलून कोणाचेही घातले तरी चालते, आणि ते त्याला कळते. त्याऐवजी असे लिहा: ‘तुमच्या 25,000 रुपयांतून विद्यार्थ्यांसाठीचे सहा सूक्ष्मदर्शक घेतले. उरलेल्या पैशांत काचपट्ट्या आणि आयोडीन आले. पूर्वी एका सूक्ष्मदर्शकाभोवती पन्नास मुले उभी राहायची आणि निम्म्यांची पाळी येण्याआधी तास संपायचा. गेल्या गुरुवारी नववी ब च्या प्रत्येक मुलाने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. एक सूक्ष्मदर्शक वर्गात कायम ठेवला आहे. कधी आलात तर जरूर पाहा.’ खाली मुख्याध्यापकांची शाईची सही, सोबत बिलाची छायाप्रत. पत्रात ‘सहकार्य लाभावे’ ही ओळ नको. आभाराच्या पत्रात पुढची मागणी आली की आभार वाया जातात.

मुलांकडून पत्रे लिहून घ्यायची असतील तर फळ्यावर मजकूर लिहून तीस जणांना उतरवायला लावू नका. तिसरे पत्र वाचतानाच ते लक्षात येते. दोन-तीनच मुलांना लिहू द्या, चुका राहू द्या. आणि गरजू मुलांना व्यासपीठावर ओळीने उभे करून, देणगीदाराच्या हातून वह्या देतानाचे फोटो काढणे पूर्णपणे थांबवा. ते मूल उद्या वर्गात त्याच ओळखीने बसणार असते. समजदार देणगीदारालाही त्या ओळीसमोर उभे राहायला संकोच वाटतो.

वेळेचे गणित साधे ठेवा. पैसे आले की दोन दिवसांत पावती, त्याच आठवड्यात ओळखीच्या माणसाचा फोन, पंधरा दिवसांत पत्र, तीन महिन्यांत कामाचा फोटो आणि दोन ओळी, वर्षातून एकदा एका पानाचा हिशेब. वर्षभरात एका माणसाकडे मागणी एकदाच. त्याआधी किमान तीनदा काही न मागता संपर्क झालेला असावा. निमित्ते आपल्या पंचांगात आणि शाळेच्या वर्षात भरपूर आहेत: दहावीचा निकाल, 15 ऑगस्ट, स्नेहसंमेलन, 26 जानेवारी. कोकणातल्या शाळांनी गणपती आणि शिमग्याचे दिवस धरावेत, चाकरमानी तेव्हाच गावी असतो. घाटावरच्या गावांत ग्रामदेवतेची जत्रा आणि दिवाळीची सुटी. त्या दिवसांत शाळा दोन तास उघडी ठेवा, एक शिक्षक बसवा आणि वर्गखोली दाखवा. बंद फाटकाबाहेरून नवऱ्या-मुलांना ‘ही माझी शाळा’ असे दाखवून परत जाणारे माजी विद्यार्थी प्रत्येक गावात असतात.

पावती आणि कर हा भाग नीरस आहे, पण नाते सर्वांत जास्त इथेच तुटते. संस्थेकडे 80जी ची (देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी) मान्यता असेल तर पावतीवर संस्थेचे नाव, पॅन, मान्यतेचा क्रमांक आणि तारीख, देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि पैसे कसे आले ते हवेच. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर त्या देणगीवर वजावट मिळत नाही. वस्तूरूप देणगीवरही मिळत नाही. संगणक देणाऱ्याला हे आधी सांगा. मार्चमध्ये त्याच्या सीएने सांगितले तर राग शाळेवर निघतो. आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत देणग्यांचे विवरणपत्र (जुन्या कायद्यातला नमुना दहा-बीडी) भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र (जुना नमुना दहा-बीई) द्यायचे असते. विवरणपत्रात नाव राहिले तर देणगीदाराची वजावट अडते, आणि उशीर झाला तर संस्थेला रोज 200 रुपये शुल्क बसते. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे. कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुनी पावतीपुस्तके पुन्हा छापण्याआधी मजकूर सीएकडून तपासून घ्या. आणखी एक गोष्ट: नव्या करपद्धतीत गेलेल्या पगारदाराला ही वजावट मिळतच नाही. त्यामुळे आवाहनाची सुरुवात ‘करसवलत मिळेल’ने करू नका. त्यासाठी देणारे आता थोडेच उरले आहेत.

गुप्तदानाबद्दल गैरसमज फार आहे. ‘नाव कुठेही नको’ म्हणणाऱ्याचे नाव फलकावर, स्मरणिकेत, भाषणात घेऊ नका, हे बरोबर. पण संस्थेच्या दप्तरी नाव-पत्ता हवाच. दात्याची ओळखच नोंदवलेली नसेल अशा देणग्या एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या वर गेल्या, तर शिक्षणसंस्थेला त्या वरच्या रकमेवर 30 टक्के कर भरावा लागतो. दात्याला हे समजावून सांगितले की तो नाव देतो. आपले नाव मिरवले जाऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे असते.

आणि शब्द जपून वापरा. मराठीत ‘देणगी’ आणि ‘डोनेशन’ हे एकच नाहीत. ‘डोनेशन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर प्रवेशाचे किंवा नोकरीचे पैसे येतात. राज्यात कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्कावर घेतलेल्या पैशांना, 1987 च्या कायद्याने बंदी आहे आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेही. म्हणून जूनमध्ये, प्रवेशाच्या टेबलाजवळ देणगीचे पावतीपुस्तक दिसताच कामा नये. ऐच्छिक असली तरी नको. पालकांकडे मागायचेच असेल तर दिवाळीनंतर, पालकसभेत हिशेब मांडून, आणि कोणी दिले-नाही दिले हे वर्गशिक्षकाला कळणार नाही अशा रीतीने.

आता त्या विषयाकडे येतो ज्याकडे शाळा सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात: स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेली बक्षिसे. प्रत्येक जुन्या शाळेत अशा वीस-पंचवीस ठेवी असतात. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, दहावीत संस्कृतमध्ये प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास.’ 1985 च्या सुमारास कोणी 1,001 रुपये ठेवले, तेव्हा व्याज दहा टक्क्यांच्या आसपास मिळे, म्हणजे वर्षाला 100 रुपये. त्या काळी ते भरघोस बक्षीस होते. आज साडेसहा टक्क्यांनी 65 रुपये येतात. मग शाळा काय करते? सगळ्या ठेवींचे व्याज एकत्र करून सर्वांना सारखे पेन देते, आणि संमेलनात कोणीतरी घाईघाईने नावे वाचतो. ‘कै.’ राहून जाते, आडनाव चुकते. त्या घरातली सून किंवा नातू मागच्या रांगेत बसलेला असतो.

या कुटुंबांनी शाळेला वडिलांचे नाव सांभाळायला दिले आहे. शाळेशी चाळीस वर्षे ज्यांचे नाते टिकले असे दुसरे देणगीदार तुमच्याकडे नाहीत. म्हणून सुरुवात इथून करा. सगळ्या ठेवींची यादी काढा: मूळ रक्कम, वर्ष, अटीचा नेमका मजकूर, आज पैसे कोणत्या बँकेत आहेत, वारस कोण. अटीचे मूळ पत्र फायलीत सापडत नसेल तर जुन्या सभेच्या इतिवृत्तात ठराव शोधा. ठेव स्थानिक पतसंस्थेत एखादा टक्का जास्त मिळतो म्हणून ठेवलेली असेल तर ती बाहेर काढा. कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीतच विश्वस्त संस्थेचा कायम निधी राहिला पाहिजे, आणि बुडालेली ठेव वारसांना काय तोंडाने सांगणार?

मग वारसांना भेटा. ‘तुमच्या आजोबांच्या नावे 1985 पासून बक्षीस दिले जाते. आजवर ज्यांना मिळाले त्यांची ही यादी.’ ही यादी निकालपत्रकांवरून तयार करता येते, आणि दोन दिवसांच्या कामात कुटुंबाला मिळणारी ही सर्वांत मोठी भेट आहे. त्यानंतर गणित सांगा. वर्षाला 500 रुपयांचे बक्षीस द्यायचे तर साडेसहा टक्क्यांनी 7,700 रुपयांची ठेव पुरते. पण सगळे व्याज खर्च केले तर वीस वर्षांनी पुन्हा आजचीच अवस्था. म्हणून पाव व्याज ठेवीत परत घालायचे, आणि त्या हिशेबाने ठेव सव्वादहा हजारांची हवी. बहुतेक घरे तिथल्या तिथे ‘बाकीचे आम्ही घालतो’ म्हणतात. जी म्हणत नाहीत त्यांच्यासाठी दोन-तीन ठेवी मिळून एक बक्षीस करता येते, पण त्यासाठी सर्व वारसांची लेखी संमती घ्या. दात्याने घातलेली अट संस्थेने आपल्या मर्जीने बदलायची नसते. अट बदलण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का, ते वकिलाला विचारा. नवी ठेव घेताना ‘ही रक्कम कायम निधीसाठी असून फक्त व्याज खर्च करावे’ असे दात्याच्या सहीचे पत्र घ्याच. पत्र नसेल तर ती त्या वर्षाची साधी देणगी धरली जाते. एक वाक्य आणखी मागून घ्या: ‘विषय किंवा इयत्ता बंद झाल्यास संस्थेने जवळच्या उद्देशासाठी वापरावी.’ संस्कृतचा वर्ग बंद पडला म्हणून तीस वर्षे पडून राहिलेली ठेव ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

नावाच्या पाट्यांचे नियम आधी लिहून, कार्यकारिणीच्या ठरावाने मंजूर करून घ्या. नाहीतर प्रत्येक पाटीवरून एक भांडण उभे राहते. किती रकमेला खोलीवर नाव (माझ्या मते खोलीच्या खर्चाच्या निम्म्याहून कमीला नको), किती वर्षे, इमारत पाडली तर काय, नावासोबत व्यवसाय किंवा राजकीय पद लिहायचे की नाही. मजकूर दात्याकडून सहीनिशी तपासून घेतल्याशिवाय ग्रॅनाइट कोरायला देऊ नका, आणि पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय कोनशिला बसवू नका. व्हरांड्यातल्या भिंतीवर मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत उतरती यादी रंगवण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यात शेवटची नावे आपोआप खुजी होतात. त्याऐवजी दहावीच्या वर्षानुसार नावे लावा. लोक आपल्या वर्गमित्रांना शोधत तिथे उभे राहतात, आणि 1991 च्या तुकडीत चारच नावे का, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो.

नाव देण्यात कमीपणा काही नाही. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये 15 लाख रुपये देऊ केले, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. शंभर वर्षांनंतरही एसएनडीटी हेच नाव तोंडी आहे. दुसऱ्या टोकाला कर्मवीर भाऊराव पाटील आहेत. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केल्यावर वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरून मूठभर धान्य गोळा होऊ लागले. मूठभर देणाऱ्या बाईलाही ते वसतिगृह आपले वाटे. तुमच्या 240 जणांत 500 रुपये देणारे शंभरएक तरी असतील. मोठ्या देणगीदाराला पाठवलेले हिशेबाचे पान त्यांनाही गेले पाहिजे, त्याच दिवशी, त्याच कागदावर.

सहा महिन्यांनी 12 लाख मागायचे तेव्हा कामाचा आराखडा देणगीदाराच्या नजरेने पुन्हा करा. तुमच्या आवाहनात बांधकामाचा खर्च होता, चालवण्याचा नव्हता. मुलींचे स्वच्छतागृह बांधून दोन वर्षांत कुलूप लागते. फरशा फुटल्या म्हणून कुलूप लागत नाही. वरच्या टाकीला पाणी नसते आणि सफाईला माणूस नसतो. म्हणून मागणीत पाण्याची टाकी, पंप, जोडणी आणि सफाई कामगाराचे किमान तीन वर्षांचे मानधन धरा. प्रयोगशाळेत रसायने आणि काचसामान दरवर्षी लागते. संगणक कक्ष केला तर इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात. जलशुद्धीकरण यंत्राचे फिल्टर बदलले नाहीत तर यंत्र नसलेले बरे. भेटीला आलेल्या देणगीदाराला आपण दिलेल्या यंत्रावर धूळ दिसली की त्याची पुढची देणगी संपली. मी तर म्हणेन, वस्तू देऊ पाहणाऱ्याला प्रसंगी नम्रपणे नाही म्हणा: ‘दहा जुने संगणक नकोत, दोन चालणारे आणि त्यांची पाच वर्षांची देखभाल द्या.’ असे नाही ऐकलेला माणूस शाळेला जास्त मानतो.

मोठी रक्कम पत्राने मागू नका. 50,000 च्या वरची मागणी समोर बसून, दोघांनी जाऊन करायची: एक त्यांच्या ओळखीचा, एक कामाची माहिती असणारा. सोबत दोनच कागद, मागचा हिशेब आणि आताचे अंदाजपत्रक. रक्कम स्पष्ट बोला. ‘यथाशक्ती द्या’ म्हटले की देणारा गोंधळतो. ‘स्वच्छतागृहाच्या पाण्याच्या जोडणीचे 60,000 तुम्ही उचलाल का?’ असे विचारा आणि गप्प बसा. नकार आला तरी पंधरा दिवसांनी आभाराचा फोन हवाच.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी वेगळी तयारी लागते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करावा लागतो, आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे. त्यांच्याकडून थेट निधी घ्यायला संस्थेला 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी) आणि 80जी या नोंदण्या, अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि या निधीसाठीची सीएसआर-1 ही सरकारी नोंदणी लागते. कंपनीतला अधिकारी तुमच्या निवेदनाने भारावत नाही. त्याला मार्चपूर्वी सीएच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, हवे असते. ते एकदा वेळेवर दिलेत तर पुढच्या वर्षी तो स्वतः विचारतो. एकदा एप्रिलवर गेले तर तुमची फाइल बंद.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांबाबत एक खबरदारी. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. पण ज्याने अमेरिकेचे किंवा इंग्लंडचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी ठरते, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही. एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले ठरलेले खाते नसेल तर अशी देणगी घेऊच नका, आणि ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ हा मार्गही नको. त्याला स्पष्ट कारण सांगा. तो मराठी शाळेसाठी वेळ देऊ शकतो, दर शनिवारी दहावीच्या मुलांशी इंग्रजीत अर्धा तास बोलू शकतो. हे लहान काम नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांना यातला करसवलतीचा भाग लागू नाही, पण हिशेबाचा पूर्ण लागू आहे. वस्तू आली की शाळा व्यवस्थापन समितीत ठराव, डेडस्टॉक (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत नोंद, आणि त्या नोंदीच्या पानाचा फोटो देणाऱ्याला. एवढे केले तरी पुष्कळ होते.

शेवटचा धोका तुमच्या हातात आहे. मुख्याध्यापक निवृत्त होतात, सचिव बदलतात आणि नाती त्यांच्या मोबाइलबरोबर निघून जातात. म्हणून चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही) आणि डेडस्टॉकबरोबर देणगीदार नोंदवहीचेही नाव घाला. जुन्या आणि नव्या मुख्याध्यापकांनी मिळून महिनाभरात वहीतल्या पहिल्या वीस जणांना भेटायचे. ठेवीवाल्या घरांना आधी.